‘ओक लावायचा तो नातवंडांसाठी’ म्हणणाऱ्यांना उत्तर

“ओक लावायचाच तर नर्सरीतलं मोठ्यात मोठं झाड आणा. बी पेरलंत तर सावली नातवंडांनाच मिळेल. वसंतात छाटा, भराभर वाढेल. आणि मुळं घराचा पाया फोडतात, हे लक्षात ठेवा.” उत्तर अमेरिकेत अंगण असलेल्यांकडे हा सल्ला सारखा फिरत असतो. तिथल्या बर ओकसारख्या चिवट देशी झाडावर हा निव्वळ अन्याय आहे.

आधी वाढीचं बघू. बर ओक कॅनडातल्या मॅनिटोबाच्या थंडीपासून टेक्सासच्या उन्हापर्यंत आपसूक वाढतो. गवताळ माळावरचे वणवे आणि दुष्काळ सोसायचे म्हणून रोप पहिल्या वर्षी सगळा जोर खाली लावतं. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात मोजलेल्या रोपांची मुळं पहिल्याच हंगामाअखेर १.३७ मीटर खोल गेली होती. वर दिसते एक काडी आणि चार पानं, म्हणून लोक त्याला मंद ठरवतात. मुळं बसली की वर्षाला फूटभर उंची मिळू शकते.

मोठं झाड आणणं तर सगळ्यांत महागात पडतं. खणून काढताना त्याची बहुतेक मुळं जमिनीतच राहतात. थंड हवामानात ते सावरायला खोडाच्या दर इंच जाडीमागे साधारण एक वर्ष धरतात. चार इंची झाड चार वर्षं ताटकळतं, तोवर लहान रोप जोमाने पुढे सरकतं.

मला विचाराल तर बी पेरणंच उत्तम. शरदात झाडाखाली पडलेली ताजी फळं, म्हणजेच हे बी, गोळा करा, त्यावरची झालरीची टोपी काढा आणि पाण्यात टाका. तरंगतात ती बहुधा किडकी. बुडालेली दोन-तीन सेंटीमीटर खोल, आडवी पेरा. वर तारेची जाळी हवीच, नाहीतर खारी उकरून नेतात. बहुतेकदा त्याच शरदात मूळ फुटतं. उत्तरेकडची काही बियाणी मात्र वसंतापर्यंत थांबतात.

पायाची भीती अगदीच खोटी नाही. वाळल्यावर आक्रसणाऱ्या चिकणमातीत भिंतीलगतचं मोठं झाड पाया खचवू शकतं. त्यावर उपाय अंतर ठेवण्याचा आहे, ओक टाळण्याचा नाही. पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर कल्पून मगच जागा निवडा.

वसंतातली छाटणी मात्र खरोखर घातक. ताज्या जखमेच्या वासाने येणारे बारीक भुंगेरे ओक विल्ट या रोगाची बुरशी आणतात. लाल ओक या गटातली झाडं काही आठवड्यांत मरतात. बर ओक जास्त तग धरतो, पण त्यालाही लागण होते. म्हणून फांदी कापायची ती ऐन हिवाळ्यात.