'पाठ थोपटण्याचा कार्यक्रम' म्हणणाऱ्या भाऊंना

जय ख्रिस्त, भाऊ.

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत, एकमेकांना उत्तेजन कसं द्यावं आणि त्यासाठी घरी बायबल वाचायला व प्रार्थनेला जमणारा घरगुती गट कसा चालवावा, यावर मी लिहिलं होतं. गटाची वेळ रात्री आठ दिली होती. त्याखाली 'एक विश्वासू' या नावाने तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी इथे देते:

"ताई, लेख गोड आहे, पण हा सगळा पाठ थोपटण्याचा कार्यक्रम आहे. अशानेच मंडळ्या कोमट झाल्या. पौल तीमथ्याला दोष दाखव म्हणतो, कौतुक कर म्हणत नाही. तीन रविवार जो आला नाही त्याचं नाव उपासनेत वाचून दाखवा, सगळे सरळ येतील. रात्री आठची वेळ तर वावरात न गेलेल्या माणसाने ठरवलेली दिसते. असे गट पुढे फुटतात आणि वेगळी मंडळी होते, तेव्हा पाळकांनी काय करायचं? खेड्यातल्या मंडळीत कधी बसल्या आहात का? आधी स्वतःचं घर बघा, मग मंडळीला शिकवा."

शेवटी तीन उद्गारचिन्हं होती, ती गाळली.

टीकेला माझी ना नाही. पण सुरुवात 'ताई'ने आणि शेवट 'घर बघा'ने, हे कुठल्या शिस्तीत बसतं? शिस्तीचा एवढा आग्रह धरणाऱ्याला बायबलमधलं मत्तय 18:15 तर पाठ असायला हवं. भावाचा अपराध दिसला तर आधी त्याला एकांतात गाठ. तिथे ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे, आणि तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांग. मला खाजगी निरोप पाठवायची सोय याच पानावर खाली आहे. तुम्ही पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट चारचौघांत आलात, तेही नाव झाकून. वर मलाच मंडळीची शिस्त शिकवता.

वेळेचं तुमचं म्हणणं मात्र बरोबर. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई उजाडायच्या आत स्वयंपाक उरकून वावरात जाते. रात्री आठला तिला वचन ऐकायला बसवलं तर दुसऱ्या ओवीला तिची मान पडते. तेवढे महिने गट रविवारी उपासनेनंतर मंडळीतच अर्धा तास बसवावा. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाण्याच्या मोटारीची वीज कधी रात्रीची, कधी दिवसाची, तेव्हा तिथे गटाची वेळ आठवड्यागणिक बदलावी लागते. नवापूरकडची जी कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, त्यांचा गट गावात भरवून उपयोगच नाही, तो तिकडे पडावावरच लागतो. हे लेखात यायला हवं होतं. झालं, तुमचं एक मान्य केलं.

आता पाठ थोपटण्याकडे वळते, कारण खरा राग मला त्या वाक्याचा आला.

'छान गायलीस', 'प्रभू तुला वापरतोय', 'असाच पुढे चाल' ही झाली पाठ थोपटणी. बोलणाऱ्याला खर्च नाही आणि ऐकणाऱ्याला काम नाही. मी लेखात उत्तेजनाचे तीन भाग लिहिले होते: काय पाहिलं ते नेमकं सांगायचं, त्याने कोणाला बळ मिळालं ते सांगायचं, आणि पुढचं पाऊल हातात द्यायचं. तरुण संघातल्या एका मुलाने उपासनेत अडखळत स्तोत्र 121 वाचलं असं धरा. त्याला 'वाचन छान झालं' म्हणाल तर तो हसून चपला शोधायला जाईल. त्याऐवजी असं म्हणा: "तू ओळीच्या शेवटी थांबत होतास ना, म्हणून मागच्या सतरंजीवरच्या आजींना शब्द न् शब्द कळला. पुढच्या रविवारी शुभवर्तमानाचा पाठ तू वाच. शनिवारी घरी दोनदा मोठ्याने वाचून ये, नावं अडली तर मला विचार." आता त्या मुलाच्या अंगावर काम पडलं, शनिवार पडला, आणि पुढच्या रविवारी त्याला यावंच लागणार. यात पाठ कुठे थोपटली, ते दाखवा.

पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, लिहिलेलं वचन तुम्ही दिलंत, तेही अर्धं. 2 तीमथ्य 4:2 मध्ये दोष दाखवणं आहे, निषेध आहे, त्याच दमात बोध आहे, आणि हे सगळं सहनशीलतेने व शिकवत शिकवत करायचं असंही तिथेच आहे. सहनशीलता गाळली की उरते ती नुसती खरडपट्टी. तुमचं 'कोमट'ही प्रकटीकरणात लावदिकीया इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं. तेही पुढे वाचा. प्रकटीकरण 3:16 मध्ये ओकून टाकण्याची भाषा आहे आणि तिथून चारच ओव्या पुढे तोच प्रभू दाराशी उभा राहून ठोकतो, आत येऊन जेवायचं म्हणतो. तिथे अशी सात मंडळ्यांना सात पत्रं आहेत. इफिसला दोष दाखवायच्या आधी तिचे श्रम आणि धीर यांची नोंद आहे, दोष दाखवून झाल्यावर सहाव्या ओवीत पुन्हा एक चांगली गोष्ट. स्मुर्णा आणि फिलदेल्फिया यांना तर दोष लावलेलाच नाही, दोघींना धीर दिलाय. सगळ्यांना एकाच काठीने हाकलेलं नाही.

इब्री 3:13 तर थेट तुमच्या विरोधात जातं. पापाच्या फसवणुकीने कोणी कठीण होऊ नये म्हणून एकमेकांना रोज बोध करा, असा त्याचा अर्थ. माणूस निबर होऊ नये यासाठीचा उपाय म्हणून हे सांगितलंय, आणि तोही रोजचा, रविवारपुरता नाही. उत्तेजनाने मंडळी कोमट होते हे तुम्ही कुठून आणलंत?

तीन रविवार न आलेला माणूस घ्या, कारण नाव वाचायची तुमची सूचना तुम्हाला फारच आवडलेली दिसते. तो का आला नाही? भुसावळला रेल्वेत असेल तर ड्यूटी असेल. ज्याच्याकडून पैसे घेतलेत तो मंडळीत पुढच्या बाकावर बसत असेल. भावकीत भांडण असेल आणि समोरचा मंडळीचा पंच असेल. दारू असेल. घरात दुखणं असेल आणि अर्पणाला द्यायला हातात काही नाही म्हणून लाज वाटत असेल. 1 थेस्सलनीका 5:14 मध्ये पौलाने हीच माणसं वेगवेगळी केली आहेत: जे शिस्त मोडतात त्यांना समज द्या, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, आणि सहनशीलता सगळ्यांशी. नाव वाचलं की या सगळ्यांना एकच शिक्षा. मग होतं काय, तर तो माणूस तर येत नाहीच, त्याची बायकोही डोकं वर करून येऊ शकत नाही, आणि दोन महिन्यांत मुलांची संडे स्कूल सुटते. एका नावापायी अख्खं घर जातं. हजेरी वाढलीच तर घाबरलेल्यांची वाढते, आणि घाबरलेला माणूस साक्ष देत नाही, कबुली तर नाहीच नाही.

दोष दाखवायची वेळ येते, ते मी नाकारलेलं नाही. त्याची रीत आहे. ज्याने त्या माणसाच्या घरी आधी कधी पाय ठेवला नाही त्याने हे काम अंगावर घेऊ नये. जायचं ते एकट्याने, बाईकडे बाईने. ओट्यावर बसून नाही, शेजारी ऐकतात, आत बसायचं. रविवारी जायचं नाही, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या, आदल्या दिवशी तर नाहीच, नाहीतर त्याला वाटतं की प्याला अडवायला आलेत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट बोलायची. 'लोक म्हणतात' हे शब्द आले की भेट तिथेच संपली समजा. आणि उठताना पुन्हा कधी येणार तो वार सांगून उठायचं, आणि त्या वारी जायचं. गलती 6:1 सौम्यतेने सावरायला सांगतं आणि स्वतःकडेही लक्ष ठेवायला सांगतं. दुसरी भेट न देणाऱ्याने पहिली दिली नसती तर बरं, असं माझं मत आहे.

गटाने शिस्त सुटते असा तुमचा सूर आहे, तर 1742 सालचं इंग्लंडमधलं ब्रिस्टल बघा. प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायला मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांनी सभासदांचे साधारण बारा-बारांचे गट पाडले आणि एकेकाने आपल्या गटातल्या घरी दर आठवड्याला जाऊन एक पेनी गोळा करायची असं ठरवलं. पैशासाठी घरोघर फिरताना कोण पितो, कोणाच्या घरात भांडण आहे, हे त्या गटप्रमुखांना दिसू लागलं, आणि त्यातून मेथडिस्टांची शिस्त उभी राहिली. ती उंबऱ्यावरून आली.

गट कसा चालतो हेही तुम्ही वाचलेलं दिसत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. माणसं सहा ते आठ. दहाच्या वर गेली की दोघं बोलतात, बाकीचे माना डोलावतात. चारच्या खाली आली की एका घरात ताप आला तरी गट बंद. वेळ सव्वा तास: गीतं पंधरा मिनिटं, वचन पंचवीस, एकमेकांचं ऐकणं वीस, प्रार्थना पंधरा. वचन दहा-बारा ओव्यांचं, त्याहून मोठं नाही, आणि दोनदा. एकदा पुस्तकातून, आणि मग कोणीतरी तेच अहिराणीत, मावचीत, पावरीत, जी घरची भाषा असेल तिच्यात सांगायचं. ज्या आजीला वाचता येत नाही ती हे दुसरं सांगणं सगळ्यांत चांगलं करते, हे कोणत्याही गटात करून बघा.

एक वही ठेवायची, शंभर पानी पुरते. चार रकाने: तारीख, कोणासाठी, गरज काय, आणि कोण जाणार. चौथा रकाना रिकामा राहत असेल तर विनंती लिहायचीच नाही. ज्याच्यासाठी कोणी उठणार नाही त्याच्यासाठी नुसती प्रार्थना करून आपण आपल्यालाच फसवतो. दर बैठकीची सुरुवात मागचं पान वाचून.

बिघडतं कुठे? प्रार्थनेत. डोळे मिटून, आवाज चढवून, "प्रभू, आमच्यात काही बहिणी अशा आहेत की ज्या घरातली गोष्ट बाहेर नेतात, त्यांना तू स्पर्श कर." आमेन म्हणताना सगळ्या एकीकडेच बघतात. हा टोमणा आहे, प्रार्थना नव्हे, आणि गटप्रमुखाने त्याच दिवशी त्या व्यक्तीला बाजूला घेऊन तसं सांगायचं असतं. दुसरं, सल्ल्याची घाई. बाईने नवऱ्याचं व्यसन सांगायला तोंड उघडलं की तिसऱ्या वाक्याला कोणीतरी औषध सांगतं, चौथ्याला उपास. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होते, बिघडलं ते बोलायला लागल्यावर. तिसरं, खाणं. आधी चहा, मग पोहे, मग हिवाळ्यात कोणीतरी भरीत-पुरी करतं, आणि ज्याच्या घरी वांगी विकत आणायला पैसे नाहीत तो पाळी आली की गावाला जातो. फक्त चहा, हा नियम पहिल्याच दिवशी. (भरीत मलाही आवडतं, म्हणून हे जास्त जोर देऊन लिहितेय.) चौथं, व्हॉट्सॅप. गटात ऐकलेली विनंती तिथे टाकायची नाही, 'नाव न घेता'सुद्धा नाही. गावात नाव लपतं होय?

खेड्यातल्या मंडळीत बसले आहे का, हे विचारलंत. माझे वडील पाळक होते, सासरे पंच. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसूनच मी बायबल वाचायला शिकले, आणि मुलांना संडे स्कूलमध्ये शिकवत माझं अर्धं आयुष्य गेलं. यापेक्षा जास्त दाखला मी कोणाला देणं लागत नाही. 'घर बघा'चं उत्तर मी देणार नाही, ते वाक्य तुम्ही तुमच्या सख्ख्या बहिणीला कसं म्हणाल ते बघा.

उरलं गट फुटण्याचं आणि पाळकांचं. त्यावर एवढा घोर करण्यासारखं मला काही वाटत नाही. गटात अर्पण गोळा करायचं नाही, प्रभुभोजन द्यायचं नाही, रविवारी उपासनेच्या वेळी बसायचं नाही, आणि वही महिन्यातून एकदा पाळकांना दाखवायची. पण बाईने खाजगीत सांगितलेलं पान तिला विचारल्याशिवाय नाही. एवढं पाळूनही गट फुटत असेल तर भांडण गटाच्या आधीपासूनचं असतं, आणि ते तुमच्या पंचांनी सोडवायचं आहे, मी नाही.