पुलावरून जायचे आणि कर्ज मोजायचे

म्हापशाहून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीच्या बसने रोज जाणाऱ्या माणसाला गोव्याच्या राजकारणासाठी वर्तमानपत्र घ्यावे लागत नाही. ते मागच्या बाकावरून फुकट ऐकू येते. आमच्या बसमध्ये एक गृहस्थ आहेत, वयाने आणि हुद्द्याने माझ्याहून मोठे, म्हणून मी त्यांना सर म्हणतो आणि बहुतेक वेळा गप्प बसतो. पर्वरी सुटून बस मांडवी नदीवरच्या अटल सेतूवर चढली की त्यांचे पालुपद सुरू होते: भाजपच्या सरकारने राज्य कर्जात बुडवले, आज जन्मलेल्या पोराच्या डोक्यावरही बोजा आहे, दहा-बारा वर्षांत दाखवण्यासारखे एक काम नाही. हे सगळे ते नेमके त्या पुलावर बसून सांगतात, ज्याच्यामुळे पणजीच्या गर्दीत न शिरता आम्ही मांडवी ओलांडतो. काल माझा संयम संपला, आणि बसमध्ये आवाज चढवणे शोभत नाही म्हणून हा राग कागदावर उतरवतो आहे.

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा हेच सर कॉलेजात होते आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर तासन्‌तास उभे राहिल्याच्या आठवणी तेच आम्हाला रंगवून सांगतात. जुवारी नदीच्या जुन्या पुलावर जड वाहनांना बंदी घालावी लागली, आगशी ते कुठ्ठाळीदरम्यान संध्याकाळी रुग्णवाहिकासुद्धा अडकून पडायच्या, हेही आम्ही दोघांनी एकाच बसच्या खिडकीतून पाहिले आहे. २७ जानेवारी २०१९ रोजी अटल सेतू खुला झाला. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या जुवारी पुलाची एक बाजू आणि त्यानंतर वर्षभराने दुसरी बाजू सुरू झाली. ही कामे ज्याला दिसत नाहीत त्याने दिसत नाही म्हणावे, माझी हरकत नाही; परंतु रोज दोनदा त्यांच्यावरून जाणाऱ्याने तसे म्हणू नये.

यावर सरांचे उत्तर तयार असते, आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते ती याच उत्तराने. जुवारीचा पूल केंद्राच्या पैशाने झाला, मग यात तुमच्या राज्य सरकारचे काय कौतुक, असे ते विचारतात. बरे, अटल सेतू राज्याच्या महामंडळाने बांधला, असे मी म्हणालो की ते लगेच बोट दाखवतात: बघा, म्हणूनच कर्ज वाढले. म्हणजे केंद्राने खर्च केला तर राज्याचे श्रेय नाही आणि राज्याने केला तर ती उधळपट्टी. या हिशेबात सरकारने नेमके काय केले असते म्हणजे यांचे समाधान झाले असते, ते मला आजवर कोणीही सांगितलेले नाही.

कर्ज वाढले आहे, हे मी नाकारत नाही. परंतु राज्य सरकार म्हणजे सावकाराच्या दारात वाटेल तेव्हा जाणारा कुळवाडी नव्हे. केंद्राचे देणे शिल्लक असलेल्या राज्याला घटनेच्या २९३ व्या कलमानुसार कर्जासाठी केंद्राची संमती घ्यावी लागते, आणि गोव्याचा स्वतःचा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा २००६ पासून आहे. कर्ज कशासाठी काढले, त्यातले किती पुलांत आणि वीजवाहिन्यांत गेले, किती पगारात आणि निवृत्तिवेतनात विरले, असा प्रश्न विरोधकांनी विधानसभेत खाते उघडून विचारला तर मी तो ऐकायला पणजीला जाईन.

ते मात्र होत नाही, कारण खाते उघडले की स्वतःची आश्वासनेही मांडावी लागतील. २०२२ च्या निवडणुकीत एका पक्षाने घरटी महिन्याला पाच हजार रुपये देऊ केले होते, दुसऱ्याने तीनशे युनिट वीज फुकट, आणि तिसऱ्याने पेट्रोल ऐंशी रुपयांच्या वर जाऊ देणार नाही असा शब्द दिला होता. हे सगळे कोणत्या पैशाने होणार होते? खैरातीच्या या बाजारात सत्ताधारीही मागे नव्हते, वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे आश्वासन त्यांचेच होते, हे कबूल. पण ज्यांनी स्वतः मतदारांपुढे एवढी मोठी थैली सोडली होती, त्यांनी आता तिजोरी रिकामी झाली म्हणून गळा काढावा, याला काय म्हणावे?

आणि तिजोरीची गोष्ट निघालीच आहे तर २०१२ आठवावे. त्या वर्षी पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर, ०.१ टक्क्यावर आणला. गृहिणींसाठीची गृह आधार आणि मुलींसाठीची लाडली लक्ष्मी या योजनाही त्याच वर्षीच्या. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. उत्पन्नाचा एवढा मोठा झरा आटला असताना गृहिणींचे आणि वृद्धांचे पैसे देणे चालू राहिले. खाणींच्या बाबतीत सरकारचा दोषही आहे. ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण याच सरकारने केले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. डिचोली-सत्तरीच्या ट्रकमालकांचे हप्ते थकले, ते खाण बंदीचे चटके मी माझ्या मामाच्या अंगणात उभ्या राहिलेल्या दोन ट्रकांवर पाहिले आहेत. परंतु २०२२ च्या डिसेंबरात पहिल्या चार पट्ट्यांचा लिलाव झाला, हेही त्याच कथेत आहे. कथेचा अर्धा भागच सांगायचा असेल तर तो कोणीही सांगू शकतो.

‘हर घर जल’ पूर्ण करणारे पहिले राज्य म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये गोव्याचे नाव आले, आणि मे महिन्यात बार्देश-पेडण्यातल्या कित्येक घरांत नळाला पाणी नसते, ही टीका खरी आहे. विरोधकांनी हे एकच धरून बसावे, कोणत्या वाड्यात किती दिवस पाणी आले नाही याची नोंद काढावी, अभियंत्याला नाव घेऊन जाब विचारावा. मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. पण नाही. पाणी, कर्ज, खड्डे, म्हादईच्या पाण्याचा वाद, पर्वरीच्या उड्डाणपुलाची कोंडी, सगळे एका कढईत घालून ‘राज्य विकले’ असा एकच रस्सा वाढायचा, की ज्याने पाणी सोडले नाही तो अधिकारी त्या रश्शात बुडून सुखरूप सुटतो. कोंडी होती तेव्हा पूल का नाही म्हणून ओरडणारे आता पुलाचे खांब उभे राहताना का खणता म्हणून ओरडतात.

काल संध्याकाळी परतताना जुवारीच्या पुलावर बस पाच मिनिटांत पार झाली, आणि सर माझ्याकडे वळून म्हणाले, “आईचे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दोन हजार या महिन्यात अजून जमा झालेले नाहीत. तुझ्या सरकारला विचार जरा.” मी म्हटले, “विचारतो, सर.” त्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर होते, पैसे वेळेवर यायला हवेत. मग बस अटल सेतूकडे वळली आणि त्यांनी घसा खाकरला.