कंपनीचा विमा नोकरीबरोबरच गेला

पन्नाशीनंतर फक्त कंपनीच्या आरोग्य विम्यावर विसंबू नका, असं एका लेखात वाचलं. अगदी खरं आहे, मी त्यातूनच जातोय. भोसरीच्या एका कारखान्यात २७ वर्षं काढली, ५४व्या वर्षी व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली. शेवटच्या दिवशी गेटवर ओळखपत्र जमा केलं आणि त्याच दिवशी माझा नि बायकोचा विमाही संपला. तिला शुगर, मला बीपी. नवी पॉलिसी मिळाली, पण आधीच्या आजारांना ३६ महिने थांबा!

नोकरी सुटण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे नोकरीतल्या गटविम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, थांबायच्या काळात मागची वर्षं धरली जातात. हे मला नंतर कळलं. एचआरमधून कुणी एका शब्दाने बोललं नाही. ज्यांची नोकरी अजून आहे त्यांनी कृपा करून आजच विचारून घ्या.

सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, चांगलंच झालं. पण हप्ता भरायचा कशातून? ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ पासून १००० रुपयेच आहे. मोफत उपचारांचं आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं ते सत्तरीनंतर. राज्याची महात्मा फुले आरोग्य योजना आहे, तिचा आधार वाटतो, पण ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालयं.

परवा बायको शुगरची गोळी मोडून अर्धीच घेताना दिसली. विचारलं तर म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत पुरवायच्यात." मला त्या रात्री झोप लागली नाही.