देणगी मागण्यासाठी नोंदणी लागते का? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

‘सेवाकार्यासाठी नोंदणी ऐच्छिक आहे, सोसायटीचे प्रमाणपत्र मिळाले की देणग्या मागता येतात, ८०जी असलेली संस्था सरकारने पारखलेली असते, आणि परदेशातला मराठी माणूस आपलाच असल्याने त्याचे पैसे कोणत्याही खात्यात चालतात,’ अशा आशयाचा संदेश व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येतो. त्यावर विसंबणारे बहुतेक जण प्रामाणिक कार्यकर्ते असतात, म्हणून तो दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही.

नोंदणी ऐच्छिक असल्याचे विधान महाराष्ट्रात तरी सरळ चुकीचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम १८ नुसार सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) स्थापन झाल्यापासून ३ महिन्यांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करणे हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे. नोंदणी नसलेल्या न्यासाच्या वतीने हक्क बजावण्यासाठी केलेला दावा कलम ३१ मुळे न्यायालयात चालत नाही. म्हणजे एखाद्या दात्याने वाचनालयासाठी दिलेली खोली कोणी बळकावली, तर ती परत मिळवण्याचा मार्गच अडतो. गणेशोत्सवापुरती वर्गणी जमवणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळालाही कलम ४१सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि जमाखर्च द्यावा लागतो.

सोसायटीविषयीचा गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण आपल्या राज्यात सोसायटी आणि न्यास या दोन्ही नोंदण्यांचे काम धर्मादाय कार्यालयातच चालते. तरीही १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाचे प्रमाणपत्र वेगळे आणि न्यासाचे, ‘एफ’ क्रमांकाचे प्रमाणपत्र वेगळे. धर्मादाय हेतूची सोसायटी या राज्यात सार्वजनिक न्यासही ठरते, त्यामुळे तिला दोन्ही लागतात. देणगीदाराने खरे तर परिशिष्ट-१ चा उतारा मागावा. सध्याचे विश्वस्त कोण आणि मालमत्ता कोणती, हे त्यावरून कळते.

८०जी ही देणगीदाराला मिळणारी आयकराची सवलत आहे, संस्थेच्या कामाला दिलेले प्रशस्तिपत्र नव्हे. (वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही, ‘निम्मा कर परत मिळतो’ हे सांगणेही चूकच. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला ती मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला तर मिळतच नाही.)

सर्वांत धोक्याचे विधान शेवटचे आहे. परकीय योगदान विनियमन अधिनियम, २०१० वंश किंवा भाषा पाहत नाही, नागरिकत्व पाहतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या पण भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय योगदान ठरत नाही. तिच्याच सख्ख्या भावाने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर त्याने पाठवलेले १०० डॉलरही परकीय योगदान ठरतात, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) असले तरी. असे योगदान घेण्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच जमा व्हावे लागते. गावच्या शाळेसाठी परदेशस्थ माजी विद्यार्थ्यांना क्यूआर कोड पाठवण्याआधी प्रत्येकाचे नागरिकत्व लेखी विचारून घ्यावे, आणि उत्तर येईपर्यंत खाते क्रमांक देऊ नये.