गालाखाली अंधार

माझा चेहरा गोल आहे. लहानपणी याला 'गोबरे गाल' म्हणत आणि येणारा-जाणारा ते ओढून जाई. पुढे ओढणारे थांबले, गाल होते तिथेच राहिले. माझी त्यांच्याबद्दल काही तक्रारही नव्हती. पण ऑफिसने सगळ्यांची ओळखपत्रं नव्याने काढायची ठरवली आणि जुन्या ओळखपत्राकडे बघून भाची म्हणाली, "मावशी, यात तुझा चेहरा कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते, तेच कळत नाही गं."

उपाय तिच्याकडे तयार होता. कॉन्टूरिंग. जे आत जायला हवं तिथे गडद रंग, जे पुढे यायला हवं तिथे हायलायटर. मी विचारलं, "आणि सगळंच आत जायला हवं असेल तर?"

"मग तो मेकअप नाही, पोतारा."

तर, 'तोंड काळं करणे' हा ज्या भाषेत अपमान आहे त्या भाषेत वाढलेली मी, स्वखुशीने आणि स्वखर्चाने आरशासमोर बसले.

भाचीने आधी शास्त्र सांगितलं. प्रकाश वरून येतो असं आपला मेंदू धरूनच चालतो. त्यामुळे वर उजळ आणि खाली गडद दिसलं की त्याला तिथे उंचवटा भासतो. चंद्रावरच्या विवरांचा फोटो उलटा धरला की म्हणूनच खड्ड्यांच्या टेकड्या होतात. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. चंद्रमुखी व्हायला नुसता गोल चेहरा पुरत नाही, खड्डेही लागतात, आणि ते रंगवता येतात, एवढंच मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"आता गाल आत ओढ. माशासारखं तोंड कर. हाड लागतंय का बघ."

मी मासा झाले. हाड लागेना. भाचीने दोन बोटांनी चाचपलं, मग चार बोटांनी. शेवटी कानाजवळ कुठेतरी ते सापडलं. त्याच्या खालून, कानापासून तोंडाच्या दिशेने रेघ ओढायची आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली थांबायचं. मी थांबले नाही. हात लागलाच आहे तर काम पुरं करावं म्हणून ओठांपर्यंत गेले. आरशात नाटकातला एक सरदार कल्ले राखून माझ्याकडे बघत होता. त्यात मी हौसेने आणलेला रंग निघाला ब्रॉन्झर. तो तांबूस असतो, ऊन लागल्यासारखं दिसायला. सावली तांबूस नसते, करडट असते. मला हे कळायला पंचेचाळीस वर्षं लागली, आणि तोवर माझ्या पायाशी रोज एक सावली होती.

दुसऱ्या दिवशी योग्य रंग आणून एकटीच बसले आणि क्रम उलटा केला. हाडावर गडद, हाडाखाली चमक. हे चुकलं म्हणावं, तर निसर्गही नेमकं हेच करतो. हरणाची पाठ गडद आणि पोट फिकं असतं. वरून पडणारा उजेड आणि पोटाखालची सावली त्यामुळे एकमेकांना खोडतात, अंगाचा गोलावा जातो आणि हरीण दिसेनासं होतं. १८९६ साली अॅबट थेअर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने हे मांडलं होतं. म्हणजे मी तासभर खपून वाघापासून लपण्याची उत्तम सोय केली होती. चेहरा इतका सपाट झाला की नाक कुठून सुरू करावं ते समजेना.

नाकाचं म्हणाल, तर 'नाकी नऊ येणे' ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याने नाकाच्या दोन्ही बाजूंना सरळ रेघा ओढून पाहिल्या असणार. उजवी जाड झाली म्हणून डावी जाड केली, मग उजवी. शेवटी नाक मध्ये असल्याची नुसती अफवा उरली.

त्यानंतर ब्लेंड. हा शब्द भाची ज्या सुरात उच्चारते त्या सुरात आमच्या बाई 'पाढे' म्हणत. घासायचं नाही, ओल्या स्पंजने थोपटायचं, रेघेची कड विरेपर्यंत. मी इतकी इमानदारीने थोपटली की कडेबरोबर रेघही विरली. पुन्हा रेघ, पुन्हा थोपटणं. तान्ह्या बाळाला एवढं थोपटलं असतं तर ते दोन दिवस उठलं नसतं.

हायलायटरची चमक बहुतेक वेळा अभ्रकाची असते, बारीक दळलेल्या. शाळेत शिकलो होतो, इस्त्रीत असतं ते. पण इस्त्रीतलं अभ्रक सुरकुत्या घालवायला मदत करतं आणि गालावरचं त्या मोजून दाखवतं. माझ्या डोळ्याखाली तीन आहेत. पूर्वी मला दोनच माहीत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात मात्र जमलं. न्हाणीघरातल्या दिव्याखाली, मान किंचित डावीकडे, हनुवटी खाली, आणि मला चक्क गालाचं हाड होतं! त्याच हाडासकट मी बाहेर आले, तर नवरा म्हणाला, "गालाला काय लागलंय? शाई?"

खिडकी डावीकडे होती. उजव्या गालावर खरी सावली पडली होती, तिच्यात माझी बुडून गेली. डाव्या गालावर भर उजेडात माझी एकटीच उघडी पडली. मी वळले, खरी सावली हलली, रंगवलेली जागची हलेना. सगळी मेख इथे आहे. मॅक्स फॅक्टर नावाच्या हॉलिवूडच्या रंगभूषाकाराने १९१४ मध्ये सिनेमासाठी पातळ रंग काढला, कारण रंगभूमीचा जाड थर कॅमेऱ्यात तडकलेला दिसे. पण त्या नटनट्यांना दिवा धरून उभी असलेली माणसं होती. माझ्याबरोबर दिवा घेऊन कोण हिंडणार? नवऱ्याला विचारलं. तो चहा संपवतो म्हणाला.

निदान फोटोत तरी दिवा एका जागी असतो, अशी मनाची समजूत घालून मी त्या दिवशी पहाटे उठले. चाळीस मिनिटं लागली. नाकाच्या शेंड्यावर चमकेचा एक ठिपकाही दिला. नाकापेक्षा मोती जड नको म्हणून अगदी बेताचा.

फोटोग्राफरने दोन्ही बाजूंनी पांढऱ्या छत्र्या लावल्या, दोन्हीकडून उजेड फेकला आणि तीन वेळा खटका दाबला. मग संगणकाकडे बघत म्हणाला, "मॅडम, गालाखाली सावली येतेय. घालवून टाकतो." आणि एका टिचकीत माझे तीन आठवडे गेले. पडद्यावर माझे जन्मजात गाल परत आले.

मी म्हटलं, "ठीक आहे. पण नाकावरची ती चमक तेवढी राहू द्या."

"ती होय," तो म्हणाला, "घाम वाटला म्हणून आधीच पुसली."