‘तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत अन्याय दिसतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

ई-स्पोर्ट्सचे, म्हणजे संगणक आणि मोबाइलवरच्या स्पर्धात्मक खेळांचे, व्यावसायिक संघ आपले खेळाडू कसे निवडतात यावरच्या माझ्या लेखात मी एवढीच मागणी केली होती की, ट्रायआउटचे, म्हणजे निवड चाचणीचे, निकष आधी जाहीर व्हावेत आणि ज्याला नाकारले त्याला कारण लेखी मिळावे. त्यावर आपण मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. एका संघाच्या व्यवस्थापनात आपण काही काळ काम केले आहे असे आपण म्हणता, म्हणून हे उत्तरही थोडे मोठे होणार आहे.

प्रथम माझी चूक. एनबीए टूके लीग या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेमच्या लीगच्या २०१८ मधील पहिल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडले त्यात, शंभर खेळाडू घेतले गेले असे मी लिहिले होते. ते १०२ होते. सतरा संघ आणि प्रत्येकी सहा खेळाडू. मूळ लेखात मी ही दुरुस्ती केली आहे आणि ती दाखवून दिल्याबद्दल आपला आभारी आहे.

आता आपले ते वाक्य, ज्यातला ‘रँक’ म्हणजे खेळात जमवलेल्या गुणांवरून मिळणारी जागा. ‘रँक सर्वांना दिसतो, ज्याच्या बोटांत दम आहे तो वर येतोच, सीमाभागातल्या तुम्हा लोकांना मात्र प्रत्येक गोष्टीत अन्याय दिसतो.’

माझ्या लेखात सीमाप्रश्नाचा एक शब्दही नव्हता. महाजन आयोग नव्हता, एक नोव्हेंबरचा काळा दिवस नव्हता, न्यायालयातला दावा नव्हता. बेळगावचा उल्लेख होता तो मी तिथे राहतो म्हणून. तरीही आपण माझे म्हणणे बाजूला ठेवून माझा पत्ता वाचलात आणि पत्त्यावरून माझा स्वभाव ठरवलात. ‘तुम्हा लोकांना’ हे दोन शब्द मला फार लागले, हे मी लपवत नाही. मतभेद कितीही असोत, अनोळखी माणसाशी बोलण्याची ही रीत नव्हे. आपण सुशिक्षित आहात असे आपल्या लेखनावरून वाटते, म्हणूनच हे स्पष्ट लिहितो आहे.

अन्याय कशाला म्हणायचे हे मला पुस्तकातून कळलेले नाही. १९९१ साली, मी १९ वर्षांचा असताना, हॉकीच्या एका निवड चाचणीला गेलो होतो. दोन दिवस खेळलो, दुसऱ्या दिवशी दोन गोल केले आणि संध्याकाळी दारावर चिकटवलेल्या यादीत माझे नाव नव्हते. कारण विचारले तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढेच उत्तर मिळाले. मी कदाचित खरोखर कमी पडलो असेन. पण कशात कमी पडलो, पळण्यात की पास देण्यात, हे मला आजतागायत ठाऊक नाही. पुढच्या वर्षी नेमकी कशाची तयारी करायची हेच न कळल्याने मी स्टिक ठेवून दिली. याला आपण रडणे म्हणत असाल तर म्हणा.

‘संगणकावरचे खेळ आपल्याला काय कळणार’ असाही आपला सूर आहे. २००३ पासून आठ वर्षे मी टिळकवाडीत सायबर कॅफे चालवला. आठ संगणक होते आणि त्यांतल्या पाचांच्या कीबोर्डवरची डब्ल्यू, ए, एस, डी ही अक्षरे काउंटर-स्ट्राइक हा नेमबाजीचा खेळ खेळून पार पुसून गेली होती. रविवारच्या सामन्यांचे गुण मी दोनशे पानी वहीत लिहीत असे आणि ती वही टेबलावर उघडी ठेवत असे, ज्याला शंका असेल त्याने पाहावी. भांडणे होत, पण वहीवरून कधी झाले नाही.

आता आपल्या ‘रँक’कडे वळतो, कारण माझ्या मते आपली खरी गफलत तिथेच आहे. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात सर्व्हरवरच्या पहिल्या पाचशे खेळाडूंना ‘कॉन्करर’ ही पायरी मिळते. तिथे पोहोचायला कौशल्य लागतेच, पण त्याहून जास्त लागतो वेळ. दिवसाचे आठ-दहा तास खेळून, मैदान आकसत शेवटचे वर्तुळ उरेपर्यंत लपून राहून गुण जमवणारे कितीतरी असतात. स्पर्धेतला सामना निराळा असतो. सोळा संघ, चौसष्ट खेळाडू, प्रत्येक फिनिशला, म्हणजे बाद केलेल्या प्रतिस्पर्ध्याला, गुण, आणि शेजारच्या इमारतीत कुठला संघ उतरणार हे आधीच माहीत असते. म्हणून व्यावसायिक संघ सहसा नुसता रँक पाहून खेळाडू घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. संघ पाहतात ते वरच्या दर्जाच्या स्क्रिममधला, म्हणजे संघासंघांतल्या सराव सामन्यातला, खेळ, आणि त्या स्क्रिममधली जागा बहुतेकदा ओळखीने मिळते. मग रँक सर्वांना दिसला काय आणि न दिसला काय? खुल्या पात्रता फेऱ्या असतात हे मला मान्य आहे, पण त्यांत पूर्ण संघ घेऊन उतरावे लागते. चांगले चार जण एका गावात नसतात.

माझा भाचा खानापूर तालुक्यात राहतो. त्याची ट्रायआउट डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर बोलत खेळायची होती, रात्री नऊला. घरात नेटवर्क नाही म्हणून तो गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसला होता, तापलेल्या फोनच्या मागे ओला रुमाल धरून, आणि मी शेजारी बसून कोपऱ्यातला पिंगचा, म्हणजे नेटवर्कच्या विलंबाचा, आकडा पाहत होतो; चाळीसचा हिरवा आकडा मध्येच १८० होऊन लाल व्हायचा. संघातले बाकीचे हिंदीत बोलत होते. त्याला हिंदी येते. पण समोरून गोळी आली की त्याच्या तोंडून ‘डावीकडं, विहिरीमागं दोघं’ असेच निघायचे, आणि ते हिंदीत सांगेपर्यंत एक सेकंद जायचा. चार सामन्यांत अकरा फिनिश करूनही त्याला दुसऱ्या दिवशी दोनच शब्द आले, ‘कम्स वीक’, म्हणजे साथीदारांशी बोलणे कमकुवत. संघाची बोली हिंदी आहे आणि तिला अमुक गुण आहेत, हे आधी सांगितले असते तर त्या पोराने महिनाभर हिंदीत कॉल, म्हणजे खेळताना साथीदारांना सूचना, देण्याचा सराव केला असता. मागणी इतकीच आहे. ती बेळगावच्या पोराला लागू आहे तशी कलबुर्गीच्या कन्नड बोलणाऱ्या पोरालाही आहे.

‘दम आहे तो वर येतोच’ हे इतिहासही सांगत नाही. दक्षिण कोरियाच्या गेगुरी या खेळाडूवर २०१६ मध्ये ओव्हरवॉच या नेमबाजीच्या खेळात फसवणूक केल्याचा आरोप झाला, कारण एक मुलगी इतका अचूक नेम धरते हे काहींना पटेना. तिला कॅमेऱ्यासमोर बसून, हात आणि पडदा दोन्ही दिसतील असे खेळून दाखवावे लागले. आरोप खोटा ठरला. तरी २०१८ मध्ये ओव्हरवॉच लीग सुरू झाली तेव्हा एकाही संघात स्त्री नव्हती. गेगुरीलाच शांघाय ड्रॅगन्सने हंगाम सुरू झाल्यावर घेतले. आपण ज्या टूके लीगचा दाखला देता तिथेही पहिल्या वर्षीचे १०२ जण पुरुषच होते. दम नव्हता असे म्हणायचे आहे का?

उलट, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांसाठी २०२२ मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धा घेऊन खेळाडू निवडले गेले, म्हणजे नियम आधी सांगून निवड करता येते. आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या आनंदवाडी कुस्ती आखाड्यातही तेच, पाठीला माती लागली की नाही हे हजारो डोळे पाहतात, आणि हरलेला मल्लही कोणत्या डावावर गेलो हे जाणून घरी जातो.

संघ खासगी आहे, मालक वाटेल त्याला घेईल, हा आपला मुद्दा मी इथे वाढवत नाही. जिल्हावार चाचण्या घेतल्या तर त्यांत वशिलेबाजी शिरेल ही भीतीही आपण घातली आहे. ती कुठे शिरत नाही?

आपण ज्या संघात होतात त्याच्या ट्रायआउटमध्ये नेमके काय पाहत होता आणि कशाला किती गुण देत होता, हे आपण लिहून पाठवावे. संघाचे नाव नको. मी ते काना-मात्रा न बदलता इथे प्रसिद्ध करीन आणि त्याची एक प्रत भाच्याला देईन. पुढच्या महिन्यात त्याची आणखी एक ट्रायआउट आहे.