‘साहेबांनी आधीच ठरवलेलं असतं’ हे अर्धंच खरं आहे

गेले काही दिवस एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: मॅनेजरचा निर्णय मिटिंगच्या आधीच झालेला असतो, मिटिंग नुसता देखावा, रिपोर्ट कुणी वाचत नाही, सगळं मनाला येईल तसं चालतं, चूक कळली तरी अहंकारापोटी माघार घेत नाहीत, म्हणून नव्या माणसाने मान डोलवावी आणि पगार घ्यावा. नोकरीला लागून वर्षही न झालेल्या दोघांनी तो मला पाठवला, वर ‘अगदी खरं’ असं लिहून. वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

निर्णय मिटिंगआधी होतो हे बरेचदा खरं असतं. पण आधी म्हणजे बंद दाराआडच, असं नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मोठ्या अधिकाऱ्यांसोबत प्रत्येकी एक आठवडा राहून त्यांच्या कामाच्या बारीक नोंदी केल्या होत्या. १९७३ साली त्या प्रसिद्ध झाल्या. त्या अधिकाऱ्यांची निम्मी कामं ९ मिनिटांच्या आत आटपत होती आणि बहुतेक बोलणी आयत्या वेळची होती. म्हणजे मत बनतं ते असं तुकड्यातुकड्यांत: फोनवर, जिन्यात, कुणीतरी दारातून डोकावून सांगितलेल्या दोन वाक्यांतून. मिटिंगमध्ये जो पहिल्यांदा तोंड उघडतो त्याला उशीर झालेला असतो. दोन दिवस आधी पाच मिनिटं मागून बघा. मिळतात, आणि त्यांचा उपयोग होतो.

‘रिपोर्ट कुणी वाचत नाही’ हे मीही पुष्कळ वर्षं म्हणत होतो. नवा असताना पुरवठादार बदलावा म्हणून मी १४ पानांचा रिपोर्ट केला होता. साहेबांनी तो हातात घेतला, थेट शेवटच्या पानावरचा तक्ता उघडला, एका आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, “बदलाबदलीत माल अडकला तर? आणि नव्याशी नाही जमलं, तर जुना परत येईल का?” १४ पानांत या दोन प्रश्नांवर एक ओळ नव्हती. जुनाच पुरवठादार कायम राहिला आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की आधीच ठरलेलं होतं. पुढे तशाच खुर्चीत मी बसलो तेव्हा उमगलं. मी बचत किती होईल ते मांडत होतो. त्यांना मात्र गडबड झाली तर वरच्यांपुढे उत्तर द्यायचं होतं. वाचलं होतं त्यांनी, पण ते जे शोधत होते ते मी लिहिलंच नव्हतं.

हर्बर्ट सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते संस्थांमधल्या निर्णयप्रक्रियेवरच्या कामासाठीच. त्यांचं म्हणणं साधं आहे. वेळ, माहिती आणि विचार करायची ताकद, तिन्ही मोजकीच असतात. त्यामुळे माणूस सगळ्यांत उत्तम पर्याय शोधत बसत नाही. ‘एवढं झालं तरी चालेल’ अशी एक पातळी धरतो आणि ती गाठणारा पर्याय मिळाला की थांबतो. ही पातळी कोणती, हे मॅनेजरला सरळ विचारता येतं. “तुम्हाला यात सगळ्यांत जास्त धास्ती कशाची वाटते?” एवढा एक प्रश्न मी तेव्हा विचारला असता, तर रिपोर्ट चार पानांचा झाला असता आणि कदाचित मान्यही. मर्जीतल्या माणसाला झुकतं माप देणारे मॅनेजर असतात, मीही पाहिलेत. पण प्रत्येक नकारामागे मर्जी शोधली, तर खरं कारण हाती लागत नाही.

अहंकाराचा मुद्दा. बॅरी स्टॉ या संशोधकाने १९७६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. कंपनीच्या कुठल्या विभागात पैसा घालायचा हे ज्यांनी स्वतः निवडलं होतं आणि तो विभाग पुढे तोट्यात गेला, त्यांनीच त्या विभागाला नंतर जास्त पैसे दिले. हे सगळे विद्यार्थी होते, मुरलेले बॉस नव्हते. केलेलं बरोबर होतं हे दाखवायची ओढ आपल्या सगळ्यांना असते. म्हणून ‘तुमचं चुकलं’ म्हणण्यापेक्षा ‘तेव्हा ही माहिती नव्हती, आता आली आहे’ असं म्हणा. माघारीला वाट राहते.

राहिला शेवटचा सल्ला, गप्प बसण्याचा. त्याचा मला मनापासून राग येतो. अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान २८ जानेवारी १९८६ ला कोसळलं आणि सात जण गेले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनी सांगितलं होतं की तापमान ५३ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे १२ अंश सेल्सियसच्या) खाली असेल तर उड्डाण करू नका. त्यांच्याच व्यवस्थापनाने ती शिफारस फिरवली. मग बोलून काय उपयोग झाला, असं कुणी विचारेल. पण चौकशी आयोगाला काय आढळलं ते पाहा: ज्यांनी उड्डाणाचा अंतिम निर्णय घेतला त्यांना ती पहिली लेखी शिफारस माहीतच नव्हती, आणि इंजिनियरांचा विरोध शेवटपर्यंत कायम होता हेही माहीत नव्हतं. बोलणं मधल्या पायरीवर अडलं होतं. माझ्या टीममध्ये म्हणूनच कुणाचं मत मी बाजूला ठेवलं, तर ते त्याच्याच शब्दांत, कारणासकट, वर जाणाऱ्या मेलमध्ये माझ्या निर्णयाच्या खाली जातं. मेल पाठवण्याआधी मी त्याला ते वाचायला देतो.